बराउरा ते ब्रुकलिन: सिडनीच्या बुशमध्ये एकटीने चाललेला दिवस

ग्रेट नॉर्थ वॉक ही सिडनी शहराच्या मध्यावर, मॅक्वारी प्लेसमधल्या दगडी स्तंभापासून निघून थेट न्यूकॅसलपर्यंत जाणारी साधारण 250 किलोमीटरची पायवाट. इथल्या इंग्रज वसाहतीला 200 वर्षं झाली, त्या निमित्ताने 1988 साली ती सुरू झाली. तिचा एक तुकडा, बराउरा स्टेशनपासून काउअनमार्गे ब्रुकलिनपर्यंतचा, मी 6 सप्टेंबर 2025 ला, शनिवारी, एका दिवसात एकटीने चालले. अंतर 25 किलोमीटरच्या आसपास. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणींनी विचारलं, की नेमकी तयारी काय केलीस, कुठे नोंद करावी लागते, भीती नाही का वाटली. सगळ्यांना तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी अंतराबद्दल. पंचवीस किलोमीटर ऐकायला फार वाटत नाहीत. पण हा सगळा वालुकाश्माचा प्रदेश आहे आणि पाण्याने तो खोल खोल कापलेला आहे. स्टेशनं वर, डोंगराच्या पाठीवर, साधारण 200 मीटर उंचीवर. खाड्या खाली, समुद्रसपाटीला. त्यामुळे दिवसभर उतरायचं, पाण्याला टेकायचं आणि पुन्हा चढायचं, असं चालू राहतं. काउअन ते ब्रुकलिन या 13 किलोमीटरलाच माहिती फलकांवर पाच-सहा तास लिहिलेले असतात, आणि ते खरे आहेत.

मी मूळची नाशिकची. कॉलेजात असताना सह्याद्री बऱ्यापैकी पालथा घातला, पण कायम ग्रुपने. आणि सह्याद्रीत एक सोय असते, जिची किंमत मला इथे आल्यावर कळली: पायथ्याला गाव असतं. वाट चुकली तर गुरं घेऊन येणारे मामा भेटतात, पाणी मागितलं तर मिळतं, शेवटची एसटी चुकली तर कुणाच्या तरी ओसरीवर पथारी पडते. इथे शहराची हद्द संपली की माणूसच संपतं. वाट उत्तम आखलेली, खांबांवर बाण, पायऱ्या नीट बांधलेल्या. पण दोन-दोन तास कुणी दिसत नाही. म्हणून इथे एकटं जायचं तर गावातल्या त्या मामांची जागा कशाने तरी भरून काढावी लागते. माझी सगळी तयारी तेवढ्यासाठीच होती. माझी वाट, वेळ आणि मी परत यायचा ठोका कुणाला तरी माहीत असला पाहिजे.

जूनमध्ये ठरवलं. पहिलं काम प्रथमोपचाराचं. एक दिवसाचा वर्ग केला, शंभर-सव्वाशे डॉलर लागले. त्यातला सापाचा भाग प्रत्येक मराठी माणसाने इथे आल्यावर पुन्हा शिकावा असा आहे. आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं, की चावलेल्या जागेच्या वर घट्ट दोरी बांधायची, चीर द्यायची, जागा धुवायची. ऑस्ट्रेलियातल्या सापांसाठी यातलं काहीही करायचं नाही. रुंद, ताणली जाणारी पट्टी चाव्यावरून सुरू करून सगळा हात किंवा पाय घट्ट गुंडाळायचा, तो अवयव आधार देऊन स्थिर करायचा आणि अजिबात चालायचं नाही. जागा धुवायची नाही, कारण कातडीवर राहिलेल्या विषावरून साप कुठला ते ओळखायला मदत होते. सर्पदंशासाठीच्या खास पट्ट्या मिळतात. त्यांच्यावर छापील चौकटी असतात. पट्टी पुरेशी ताणली गेली की त्या चौकटींचा चौरस होतो, म्हणजे किती घट्ट बांधायचं याचा अंदाज लागतो. मी दोन घेतल्या आणि घरी मुलाच्या पायावर बांधून पाहिल्या. एकटीने जायचं म्हणजे स्वतःच्या पायावरही बांधता आली पाहिजे, म्हणून तेही केलं. ते करताना पहिल्यांदा पोटात गोळा आला. तोपर्यंत सगळं कागदावर होतं.

दुसरं काम पीएलबीचं, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकनचं. हे मुठीत मावेल एवढं यंत्र असतं. अँटेना उघडून बटण दाबलं, की 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकेत जातो आणि कॅनबेरातल्या बचाव केंद्राला तुमची जागा कळते. फोनला रेंज असण्या-नसण्याशी त्याचा काही संबंध नाही. मला साडेतीनशे डॉलरच्या थोडं वर पडलं. बॅटरी बरीच वर्षं टिकते. घेऊन नुसतं पिशवीत टाकायचं नाही. एएमएसए या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी करणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी मोफत आहे आणि ऑनलाइन होते. यंत्रावर 15 अक्षरांचा एक क्रमांक छापलेला असतो, त्यात अंक आणि ए ते एफ ही अक्षरं असतात. तो शांतपणे, उजेडात, दोनदा तपासून भरा. मग आपलं नाव, पत्ता आणि आणीबाणीत कुणाला फोन करायचा त्यांची नावं. बटण दाबलं गेलं की बचाव केंद्रातून आधी यांना फोन जातो: ही बाई खरंच बाहेर गेली आहे का, कुठे, कुणाबरोबर? म्हणून इथे भारतातल्या आईवडिलांचा नंबर देऊ नका. इथे राहणारा, फोन उचलणारा आणि तुमचा बेत माहीत असलेला माणूस द्या. दर दोन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. एवढा खर्च नको असेल तर गिर्यारोहणाच्या दुकानांत पीएलबी भाड्यानेही मिळतो, आणि ब्लू माउंटन्सला जाणार असाल तर तिथे पोलिस आणि राष्ट्रीय उद्यान खातं मिळून तो मोफत वापरायला देतात.

तिसरं, ट्रिप इन्टेन्शन फॉर्म. राष्ट्रीय उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर तो भरता येतो. कुठून निघणार, कुठल्या वाटेने, कुठे संपवणार, किती वाजता, अंगावर कपडे कुठल्या रंगाचे, पाणी-खाणं किती, औषधं कुठली, पीएलबी आहे का. एक गोष्ट नीट समजून घ्या: हा फॉर्म भरला म्हणजे कुणी अधिकारी तुमच्यावर लक्ष ठेवून बसतो असं नाही. तुम्ही दिलेल्या माणसाला तो ईमेलने जातो, आणि ठरलेल्या वेळेला तुमचा निरोप आला नाही तर पोलिसांना कळवायचं काम त्या माणसाचं. सगळी भिस्त त्या एका माणसावर.

नवरा त्या आठवड्यात कामासाठी ब्रिस्बेनला होता, म्हणून मी शेजारच्या वहिनींना विचारलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून फॉर्म दाखवला, नकाशावर बोट फिरवून वाट दाखवली.

"म्हणजे मी नेमकं काय करायचं?"

"तीन ठिकाणांहून माझा मेसेज येईल, वहिनी. बराउरा वॉटर्स, काउअन आणि ब्रुकलिन. मधे दोन-तीन तास काही आलं नाही तरी काळजी करायची नाही, तिथे रेंज नसते. पण संध्याकाळी सातपर्यंत ब्रुकलिनचा मेसेज आला नाही, तर पोलिसांना फोन करायचा. थांबायचं नाही, मला वाईट वाटेल म्हणून विचार करायचा नाही."

त्यांनी ते फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहून घेतलं: "7 वाजता. थांबायचं नाही." मला त्या कागदाने जेवढा धीर दिला तेवढा त्या यंत्रानेही दिला नाही.

आईला मात्र फोनवर समजावता आलं नाही. "एकटी कशाला गं? कुणीच येत नाही का सोबत?" येणारे होते. पण मला एकदा माझ्या पावलाने, माझ्या मनासारखं थांबत, कुणाशी न बोलता दिवसभर चालायचं होतं. हे तिला पटेल असं सांगता आलं नाही, आणि तिची काळजीही खोटी नव्हती.

तारीख दोनदा पुढे गेली. एकदा शनिवार-रविवारच्या ट्रॅकवर्कमुळे, म्हणजे रुळांच्या कामामुळे, त्या मार्गावर गाड्यांऐवजी बस होत्या. पहाटेचा तास-दीड तास त्यात गेला असता. एकदा पाऊस. पावसानंतर इथला वालुकाश्म निसरडा होतो आणि ओढे चढतात, म्हणून दोन कोरडे दिवस मधे जाऊ दिले. सप्टेंबर निवडण्यालाही कारण आहे. ऊन मवाळ असतं, फुलांचा हंगाम असतो, आणि वणव्यांचा अधिकृत काळ 1 ऑक्टोबरला सुरू होतो, त्याच्या आत होऊन जातं. मात्र वणव्याचा धोका कमी करायला अग्निशमन दलवाले याच दिवसांत मुद्दाम जंगलाचे पट्टे जाळतात आणि तेवढ्यापुरत्या वाटा बंद ठेवतात. आदल्या रात्री उद्यानाच्या पानावरच्या सूचना आणि वणव्यांची माहिती देणारं हॅझर्ड्स निअर मी हे ॲप दोन्ही पाहिलं. सगळं मोकळं होतं.

पाठीवर साडेतीन लिटर पाणी. वाटेत भरवशाचं पाणी नाही असंच धरून चाला. ओढ्याचं पाणी वरच्या वस्तीतून येतं. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, दोन केळी, आणि एका बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलेला आणि कागदावरही. डोक्याला लावायचा दिवा, कारण सहा सप्टेंबरला सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो. चार्जर. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायमोज्यात खोचलेली पँट. इमर्जन्सी प्लस हे सरकारी ॲप, ज्यातून 000 या आणीबाणीच्या नंबरला फोन लावताना आपली नेमकी जागा पडद्यावर दिसते आणि वाचून दाखवता येते.

वेस्टमीडहून पहाटेची गाडी. जवळजवळ रिकाम्या डब्यात बसताना कळलं की मला सापाची भीती फारशी नाही, माणसाची आहे. अंधारात स्टेशनवर उतरणारी एकटी बाई ही भीती नाशिकहून सोबत आलेली आहे. ती ऑस्ट्रेलियाची नाही. त्यावर मी केलेला उपाय साधा होता: उजाडायच्या आत वाटेवर पाऊल ठेवायचं नाही. बराउराला उतरले तेव्हा सव्वासहा झाले होते आणि चांगलं फटफटलं होतं. कुत्रं फिरवायला निघालेल्या एका आजोबांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं. बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या, पट्टा आवळला आणि घरांच्या मागून वाटेला लागले.

पहिला अर्धा तास फार वाईट गेला. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. कान नको इतके उघडे होते. सरडा पळाला तरी दचकायला होत होतं, स्वतःच्या पिशवीच्या बंदाचा आवाज मागून आल्यासारखा वाटत होता. परत फिरावं असं दोनदा मनात आलं. मी स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागले: आता पायरी, आता ओला दगड, आता उजवीकडे खांब. हळूहळू श्वास आणि पावलं एका तालात आली आणि आवाज वेगवेगळे ओळखू यायला लागले.

वाट उतरत उतरत बराउरा क्रीकच्या काठाला येते. हे बराउरा व्हॅली राष्ट्रीय उद्यान. 2012 मध्ये त्याला हा दर्जा मिळाला. भरती-ओहोटीचं पाणी इथवर आत येतं आणि काठाने चिखलात तिवरं उभी आहेत. मी तिथे बराच वेळ बसले. चिखलातून वर आलेली बोटाएवढी श्वासमुळं, त्यांच्यामधून तिरके पळणारे छोटे खेकडे, पानाच्या खालच्या बाजूची पांढुरकी लव. हे तिवर म्हणजे एव्हिसेनिया मरिना, तीच जात जी ठाण्याच्या खाडीत रेल्वेच्या खिडकीतून दिसते. मधे एवढा समुद्र, आणि चिखलाचा वासही तोच. एकटेपणा त्या जागी बराच सैल झाला.

बराउरा वॉटर्सला सव्वाआठला पोचले. इथे खाडी ओलांडायला तारेने ओढली जाणारी तराफ्यासारखी मोटारींची फेरी आहे, दिवसरात्र चालते आणि पैसे पडत नाहीत. पायी माणसालाही घेतात. पलीकडे जाऊन-येऊन नुसतं बघावं असं ते प्रकरण आहे, पण मला वेळेचं गणित सांभाळायचं होतं. वहिनींना मेसेज पाठवला. लगेच अंगठा आला.

इथून ना बाडू या उंचावरच्या, खाडी बघायच्या जागेचा चढ. दगडी पायऱ्या, मग कातळ, मग पुन्हा पायऱ्या, आणि वर एका सपाट खडकावर आलं की मागची सगळी खाडी, नांगरलेल्या होड्या, वळणं एका नजरेत. या चढावर अँगोफोरा बघा. सिडनीकर त्याला रेड गम म्हणतात. गुळगुळीत, राखाडी-गुलाबी खोड, आणि ते कातळावर असं ओघळलेलं असतं की मुळं खडकात शिरली की खडक मुळांत, ते सांगता येत नाही. एका झाडाच्या बुंध्याशी फांदी तुटलेल्या जागेतून गडद लाल डिंक वाहून वाळला होता, हाताला काचेसारखा लागत होता. खडकांच्या फटींतून फ्लॅनेल फ्लॉवरची पांढरी फुलं सुरू झाली होती. पाकळ्यांना खरंच लोकरी कापडासारखी लव असते.

तिथून जो क्राफ्ट्स क्रीकपर्यंत पुन्हा उतार. हा दिवसातला सगळ्यात निर्जन तुकडा. फोनला रेंज नाही, सूर्य दरीत उतरलेला नाही, हवा थंड. ओढा दगडांवरून ओलांडला. पाणी घोट्याच्या खाली होतं. गुडघ्याच्या वर असतं तर मागे फिरायचं हे आधीच ठरवलेलं होतं. असे निर्णय घरी, टेबलापाशी घेऊन ठेवावेत आणि कागदावर लिहावेत. ओढ्याशी उभं राहिल्यावर मन "एवढं आलोच आहोत तर" म्हणायला लागतं.

माझ्या कागदावरचा दुसरा निर्णय काउअनचा होता. काउअनला स्टेशन आहे, म्हणजे दिवस तिथे अर्ध्यावर मोडता येतो. साडेबाराच्या आत काउअनहून निघता आलं नाही, किंवा पाणी दोन लिटरच्या खाली गेलं असेल, तर तिथूनच गाडी पकडून घरी. मी सव्वाअकराला पोचले. गुडघे कुरकुरत होते पण दुखत नव्हते, पाणी सव्वादोन लिटर होतं. फलाटावरच्या बाकावर बसून दशमी खाल्ली, मोजे काढून पाय वाऱ्याला धरले, टाचेला लाल झालेल्या जागी टेप लावला. फोड यायच्या आधी टेप; आल्यावर त्याचा उपयोग नाही. गाडी यायला वेळ होता आणि ती पकडून जावं असा मोह झाला, हे कबूल करायला हरकत नाही. दिवस तेवढ्यावरही पुरेसा होता. पण अंगात जोर होता, वेळ होता, कागदातले दोन्ही आकडे बाजूने होते. वहिनींना मेसेज केला आणि पुलावरून महामार्ग ओलांडला. खाली न्यूकॅसलकडे धावणाऱ्या गाड्यांचा घोंगाट, आणि दहा मिनिटांत तो डोंगराने गिळून टाकला.

इथून पुढे कु-रिंग-गाय चेस राष्ट्रीय उद्यान. 1894 सालचं, ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात जुन्या उद्यानांपैकी. मोटार घेऊन मुख्य दारातून आलात तर दिवसाचे 12 डॉलर द्यावे लागतात. पायी या वाटेने येणाऱ्याला काही नाही.

जेरुसलेम बेकडे उतरणारी घळ ओलसर आहे. उंच झाडं, खाली नेच्यांची दाटी, वाट अरुंद. तिथे मला मागून पावलं ऐकू आली. चर्र, चर्र, थांबणं, पुन्हा चर्र. पाचोळ्यातून कुणी तरी चालत होतं, आणि मी थांबले की तेही थांबत होतं. अंगावर सर्रकन काटा आला. मी वाटेच्या कडेला, पाठीला खडक घेऊन उभी राहिले, हातात काठी, दुसरा हात पीएलबीच्या खिशावर. मिनिटभराने वरच्या उतारावरून माती आणि पानं भुरभुर खाली आली. बघते तर लायरबर्ड. कोंबड्याएवढा, तपकिरी, लांब शेपूट मागे ओढत. त्याचे पाय शरीराच्या मानाने अवाढव्य असतात. एका पायावर भार देऊन दुसऱ्याने तो पाचोळ्याचा अख्खा ढीग मागे फेकत होता, मग मान खाली घालून उकरलेल्या मातीतले किडे टिपत होता, मग पुन्हा एक ओढ. चर्र. माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि काम चालू ठेवलं. आमच्यात तीन-चार मीटर अंतर असेल. थोड्या वेळाने तो एका पडलेल्या ओंडक्यावर चढला आणि गायला लागला, आणि त्या गाण्यात कूकाबरा पक्ष्याचं हसणं होतं, पोपटांचा कलकलाट होता, चाबूक फटकारल्यासारखी व्हिपबर्डची शीळ होती. एकामागून एक, सगळे आवाज त्या एकाच गळ्यातून. मी तिथेच खाली बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, थोडं भीती उतरल्याचं, बरंचसं आनंदाचं. बरोबर कुणी असतं तर आम्ही बोलत असतो आणि तो केव्हाच निघून गेला असता.

जेरुसलेम बे पावणेएकला. हिरवट, शांत पाणी, चहूकडून डोंगर, एक होडी. उरलेलं जेवण इथे केलं. ही जागा फसवी आहे, कारण इथे काम संपल्यासारखं वाटतं आणि खरा चढ इथूनच पुढे आहे. खाडीच्या काठाने थोडं जाऊन वाट उभी वर घुसते. काही ठिकाणी हात लावूनच चढावं लागतं. वर आल्यावर पुन्हा एक उतार, पुन्हा चढ. दुपारचं ऊन, पाय जड. मी वीस मिनिटं चालायचं आणि तीन मिनिटं बसायचं असा नेम केला आणि तो मोडला नाही. उलट दिशेने दोन तरुण पळत आले. "ऑल गुड?" "ऑल गुड." दिवसातलं माझं सगळ्यात लांब संभाषण तेवढंच.

डोंगराच्या पाठीवर आलं की अग्निशमनाच्या गाड्यांसाठी केलेला रुंद कच्चा रस्ता लागतो. पुढे ब्रुकलिन डॅम. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला तो बांधला होता. हॉक्सबरी नदीवरचा पहिला रेल्वे पूल 1889 मध्ये सुरू झाला, आणि सिडनीहून उत्तरेला जाणाऱ्या गाड्या इथे पाणी भरून घेत. उतरताना नदीचं पात्र दिसतं, आताचा 1946 चा पूल, आणि त्याच्या शेजारी जुन्या पुलाचे दगडी खांब, वर काहीच नसलेले.

ब्रुकलिनला पाच वाजायला दहा मिनिटं असताना पोचले. स्टेशनचं नाव हॉक्सबरी रिव्हर. चहा किंवा गरम चिप्स घेण्याआधी वहिनींना फोन केला, "पोचले, फॉर्म संपला" असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. हे विसरू नका. तुम्ही दमून गाडीत झोपून गेलात आणि निरोप राहिला तर सात वाजता खरोखर शोध सुरू होईल, आणि त्या शोधात येणारे पुष्कळसे लोक स्वयंसेवक असतात. मग आईला फोन केला. नाशिकला दुपार होती. ती म्हणाली, "जेवलीस का?" आणि पुढे काही विचारलं नाही.

रात्री आंघोळीआधी सगळं अंग तपासलं. गुडघ्यामागे एक गोचीड होती. सिडनीच्या या पट्ट्यात गोचिडीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. काहींना तिच्यामुळे जोराची ॲलर्जी येते, काहींना तर पुढे मटणाचीही. बोटांनी ओढायची नाही, चिरडायची नाही. औषधाच्या दुकानात गोचीड गोठवून मारायचा ईथर असलेला फवारा मिळतो. तो मारायचा आणि ती आपोआप गळून पडायची वाट बघायची. माझी थोड्या वेळाने गळून पडली. जागा दोन दिवस खाजली, मग बरी झाली.

खर्चाचं म्हणाल तर त्या दिवसाचा खर्च फक्त गाडीभाडं; शनिवार-रविवारी ओपल या इथल्या गाडी-बसच्या कार्डावरची दिवसाची कमाल मर्यादा दहा डॉलरच्या आत आहे. मोठा खर्च पीएलबी, प्रथमोपचाराचा वर्ग आणि पट्ट्यांचा, पण तो एकदाचाच आणि पुढे प्रत्येक वाटेवर उपयोगी पडणारा.

पहिल्यांदाच एकट्याने जाणार असाल तर सगळं अंतर एका दिवसात करू नका. बराउरा ते काउअन एका दिवशी करा आणि काउअनला गाडी पकडा. काउअन ते ब्रुकलिन दुसऱ्या शनिवारी, सकाळी आठच्या आत सुरुवात करून. गाड्या तासाला एकच्या हिशोबाने असतात, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री पुन्हा बघा. ब्रुकलिनच्या पुढे पायवाटेला नदी ओलांडायला पूल नाही, होडीची सोय करावी लागते. तिकडच्या वाँडाबीन स्टेशनचा फलाट इतका आखूड आहे की तिथे उतरायचं तर शेवटच्या डब्याच्या शेवटच्या दाराशी बसावं लागतं, आणि परतीची गाडी हात दाखवून थांबवावी लागते. तो तुकडा मी नोव्हेंबरच्या उन्हाआधी करायचा म्हणते आहे. वहिनींना विचारून झालं आहे. कागद अजून फ्रिजवरच आहे.